वडिलांचा व्यवसाय : मेकॅनिक

२००८ साली इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'बिझनेस' असं लिहिलं. शब्द खोटा नव्हता. रत्नागिरीत अब्बांचं स्वतःचं गॅरेज होतं, पाटी होती, दोन पोरं कामाला होती. पण 'मेकॅनिक' न लिहिता 'बिझनेस' का लिहिलं, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. अब्बा काउंटरजवळ माझ्या शेजारी उभे होते. केरोसीनने धुतलेले हात, तरी नखांच्या कडेला काळं राहिलेलं. त्यांनी फॉर्म वाचला नाही, कारण इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मला त्याचं बरं वाटलं होतं.

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती वर आली गेल्या वर्षीच्या एका भाषणामुळे. १४ एप्रिल २०२५ रोजी हरियाणातल्या हिसारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले, की वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिकपणे वापर झाला असता, तर मुस्लिम तरुणांवर सायकलचे पंक्चर काढत जगण्याची वेळ आली नसती. वक्फचा विषय मोठा आहे, त्यात मी इथे शिरत नाही. मला बोलायचंय ते आपण दिलेल्या उत्तराबद्दल.

आमच्या फॅमिली ग्रुपवर दुपारपर्यंत उत्तरांचा ढीग पडला. अब्दुल कलामांचे फोटो, कुणी डॉक्टर, कुणी आयएएस, कुणाची परदेशातली पीएचडी. मीही एक फोटो पुढे ढकलला. सगळ्यांचा सूर एकच : बघा, आम्ही फक्त पंक्चरवाले नाही. अब्बाही त्या ग्रुपवर आहेत. त्यांनी काही लिहिलं नाही. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "तुमच्या त्या यादीत माझं नाव कुठे बसतं रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण यादी करून करून शेवटी समोरच्याचंच म्हणणं मान्य केलं होतं. पंक्चर काढणं ही शरमेची गोष्ट आहे, फक्त ती आमच्यातल्या सगळ्यांना लागू होत नाही, एवढंच आपलं उत्तर होतं. अठरा वर्षांपूर्वी मी फॉर्मवर जे केलं, तेच आता सगळ्या समाजाच्या वतीने करत होतो.

आता आमच्या शेडबद्दल सांगतो, कारण माझं मत तिथे बनलं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून रत्नागिरीला घरी आलो आणि कंपनीने घरूनच काम करायला सांगितलं ते आजवर चालू आहे. तेव्हा गॅरेज बंद. आयुष्यभर गाड्यांखाली झोपलेला माणूस घरात बसला की काय होतं ते ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनाच कळेल. अम्मीचे पंखे, मिक्सर, शिलाई मशीन सगळं उघडून झालं. मग एक दिवस त्यांनी माझ्या मुलीसाठी आणलेल्या सनबोर्डचा तुकडा घेतला आणि त्यावर पेन्सिलीने प्रीमिअर पद्मिनीची बाजू काढली. आठवणीतून. मी इंटरनेटवर मापं शोधली. गाडीची लांबी ३९३० मिलिमीटर. १:२४ प्रमाण धरलं तर मॉडेल साधारण १६४ मिलिमीटरचं व्हायला हवं. अब्बांचं चित्र मोजलं तर १७० भरलं. सहा मिलिमीटरचा फरक, तोही न मोजता.

ते पहिलं मॉडेल तयार व्हायला दोन महिने लागले. चाकांना जुन्या स्लिपरचा रबर, ॲक्सलला सायकलचा स्पोक, हेडलाइटला इंजेक्शनच्या बाटलीचं बूड. सांधे बुजवायला खऱ्या गाडीला लावतात तीच पुट्टी, वर चारशे नंबरचा पॉलिश पेपर. आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, जिथे पद्मिनीला असतो तिथेच. हा दांडा बाहेरून दिसतसुद्धा नाही. मी म्हटलं, कशाला एवढं? ते म्हणाले, "नसला तर गाडी चालणार कशी?"

गॅरेज पुन्हा उघडलं तरी रविवारचा हा उद्योग राहिला आणि माणसं जमत गेली. शेजारचे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका आले, ते फक्त लालपरीची मॉडेलं करतात आणि बसच्या खिडक्यांची संख्या चुकली तर जेवत नाहीत. एक रिक्षावाले आले. बँकेत नोकरी करणारा एक तरुण आला, त्याच्या आजोबांची जुनी जीप घरामागे फणसाखाली सडत पडली होती. ती जीप आता आमच्या शेडमध्ये आहे. अर्धा वेळ मॉडेल, अर्धा वेळ ती जीप. कोकणात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, इथे गाडी चालून कमी आणि गंजून जास्त मरते. खारा वारा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. वरून रंग चकाचक असतो आणि खाली फ्लोअरच्या पत्र्यात बोट घातलं तर आरपार जातं. ब्रेकची पाइपही अशीच आतल्या आत खाल्ली जाते. जीपचा निम्मा पत्रा आम्ही बदलला आहे.

जीपवरून आठवलं. महिंद्र कंपनीचं १९४५ मधलं मूळ नाव महिंद्र अँड मोहम्मद होतं, हे माझ्या भाच्याला माहीत नव्हतं. तुमच्यापैकीही काहींना नसेल. जे. सी. आणि के. सी. महिंद्र या भावांबरोबरचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला दुसरा 'म' बदलला. भाचा इतका खूश झाला की त्याला मॉडेलच्या बॉनेटवर जुनंच नाव रंगवायचं होतं. रंगव म्हटलं. पण मनात आलं, आपल्याला अभिमान वाटायला कंपनीच्या पाटीवरचं नाव लागतं. त्याच जीपखाली साठ-सत्तर वर्षं आडवे पडून ग्रीस भरणाऱ्यांची नावं कुठल्याच पाटीवर नव्हती, आणि त्यांतली कितीतरी आपल्याच मोहल्ल्यातली होती. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे : मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण मोठं आहे, आणि वाहनदुरुस्तीसारख्या कामांत त्यांचा वाटा ठळक आहे. आपण तो अहवाल नेहमी मागासलेपणाचा पुरावा म्हणून दाखवतो. तो तसा आहेच. पण हे लाखो हात काय काय जाणतात, याची नोंद कोण करणार?

हे हात काय जाणतात ते मी चिपळूणला पाहिलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही पाच जण टूलबॉक्स, ऑइलचे डबे आणि हवेचा छोटा कॉम्प्रेसर घेऊन गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलाने माखलेल्या गाड्या आणि प्रत्येक गाडीजवळ तिचा मालक, किल्ली हातात घेऊन. अब्बा गाडीतून उतरले ते ओरडतच, "किल्ली फिरवू नका!" इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टन ते पाणी दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि चारपाच हजारांत सुटणारं काम पन्नास हजारांवर जातं. पहिल्या तासात आम्ही दुरुस्ती केलीच नाही, नुसते गल्लीगल्लीतून हे सांगत फिरलो. मग प्लग काढा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा, ऑइल सोडा. ऑइल कसलं, दुधाचा चहा बाहेर यायचा. पुन्हा भरा, पुन्हा सोडा. तीन दिवसांत आम्ही किती गाड्या केल्या ते मोजलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक तीन सिलिंडरची छोटी कार सुरू झाली, पण खोकायला लागली. अब्बांनी कान दिला आणि एकेका प्लगची वायर काढून बघितली. तिसरी काढली तेव्हा इंजिनाचा आवाज बदललाच नाही. म्हणजे तो सिलिंडर मुळातच मेलेला. तेवढ्यात मी हजारभर रुपयांचा माझा स्कॅनर डॅशबोर्डखालच्या सॉकेटला लावला. मोबाइलवर कोड आला पी०३०३. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दोघांचं उत्तर एकच. मला मजा वाटली, म्हटलं अब्बा, तुमच्या कानाला मानलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझं यंत्र लिहून देतं. माझा कान लिहून देत नाही."

ते का हसले नाहीत, हे समजायला मागे जावं लागेल. अब्बा सातवी शिकले. ऐंशीच्या दशकात आपल्या भागातले शेकडो लोक गेले तसे कुवेतला गेले, एका वर्कशॉपमध्ये लागले. तिथे प्रत्येक मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल असायचं, इंग्रजीत. हेडचा बोल्ट किती कसायचा हे अब्बांच्या मनगटाला कळायचं. मॅन्युअलमध्ये त्याचा आकडा असायचा. ज्याला आकडा वाचता यायचा तो फोरमन, ज्याला बोल्ट कसता यायचा तो त्याच्या हाताखाली, आणि पगारात दुपटीचा फरक. त्यांनी फोरमनला कितीतरी वेळा चुकताना पाहिलं. बोलायची सोय नव्हती. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि हजारो भारतीयांसारखे तेही अम्मानमार्गे विमानाने मुंबईला परतले. सामान मागे राहिलं. सोबत आला तो गोटी पान्यांचा संच, अजून वापरात आहे. मी त्याच वर्षी जन्मलो.

म्हणून पंक्चर काढण्यात शरम नाही, असं म्हणून मी थांबणार नाही. ते अर्धंच खरं आहे, आणि अर्धवट खरं बोलून माझ्यासारख्या शिकलेल्याला टाळ्या मिळतात. आपल्यात हल्ली दोन टोकं दिसतात. एक टोक गॅरेजचं नाव काढलं की मान खाली घालतं. दुसरं टोक हुनर, हलाल कमाई, मेहनत असे शब्द वापरून गॅरेजला आरतीच ओवाळतं, आणि आपली मुलं मात्र इंग्रजी शाळेत घालतं. हे दुसरं टोक म्हणजे मीच आहे.

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, आठवीत. माझे मेहुणे मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर जातात. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की घरात पैसा येत नाही. पोराचा हात असा आहे की एसटीवाले काका त्याला 'छोटे उस्ताद' म्हणतात. जीपच्या मॉडेलची लीफ स्प्रिंग त्याने घड्याळाच्या जुन्या पट्ट्या कापून केली, ती दाबली तर खरीच दबते. मूळ गाडीवर टेप लावतो आणि मॉडेलचं माप तोंडी सांगतो, म्हणजे मनात चोवीसने भागतो, दशांशासकट. याच पोराला शाळेत गणितात वीसपैकी सहा मिळाले.

गेल्या मे महिन्यात आपाने विचारलं, "शाळेत काही होत नाही त्याचं. अब्बांच्या हाताखाली घालू का? चार पैसे येतील." मी लेक्चर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात अब्बाच बोलले. "माझ्या हाताखाली नाही." आपा रडली. तिचं चूक नव्हतं. तिला वाटलं, बापाने दुसऱ्या नातवंडांना शिकवलं आणि हिच्या पोराला शेडसुद्धा नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघून ठेवा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही, पण कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर आणि सुटीत मदत करता येते. वाचायला बरं वाटतं. प्रत्यक्षात 'मदत' संध्याकाळी पाचला सुरू होते, रात्री नवापर्यंत चालते, दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला डोळे मिटतात, आणि वर्षभराने शाळाच त्या पोराला कंटाळते. आपल्या किती मोहल्ल्यांत 'छोटू' असेच तयार झाले, ते आठवून बघा. बाहेरच्यांनी पंक्चरवाला म्हटलं की आपल्याला राग येतो. आपल्याच गॅरेजमध्ये बारा वर्षांचा छोटू ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत असतो, तेव्हा आपण त्याच्या हातात गाडीची किल्ली देऊन मोबाइल बघत बसतो.

आणि काळही अब्बांच्या वेळचा राहिलेला नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. इंजिनाभोवती सेन्सर वाढले, कार्ब्युरेटर जाऊन दुचाकीलाही फ्युएल इंजेक्शन आलं. इलेक्ट्रिक गाडीत तर ऑइल नाही, क्लच नाही, प्लग नाही. म्हणजे छोट्या गॅरेजच्या रोजच्या कमाईतला मोठा भाग नाही. कान आणि मनगट यांवर चालणारा धंदा अजून काही वर्षं तगेल, जुन्या गाड्या आहेत तोवर. आज जे तेरा वर्षांचं पोर शाळा सोडून गॅरेजमध्ये जाईल, ते तिशीत येईल तेव्हा त्याला येणारं काम शिल्लक नसेल आणि शिल्लक असलेलं काम त्याला वाचता येणार नाही. मी रोज कोड लिहितो, म्हणून हे पैजेवर सांगतो : पुढचा मेकॅनिक मल्टिमीटर, वायरिंगचा नकाशा आणि लॅपटॉप घेऊन बसणार आहे. तो आपल्यातला असायला हरकत काहीच नाही. पण त्याला दहावी पास व्हावं लागेल, मग आयटीआय, आणि इंग्रजीतलं पान वाचता यावं लागेल. जे आधीच कामात आहेत त्यांच्यासाठी कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. आमच्या गॅरेजमधल्या दोघांना तिची कल्पनाच नव्हती. सांगायचं काम आमचं होतं, डिग्रीवाल्यांचं, आणि आम्ही ग्रुपवर कलामांचे फोटो टाकत होतो.

तर आपाशी तडजोड झाली ती अशी. भाचा शेडमध्ये फक्त रविवारी येणार, पण रिकाम्या हाताने नाही. जीपचं जुनं सर्व्हिस मॅन्युअल मी छापून बांधून घेतलं आहे. ज्या भागावर काम, त्याचं पान आधी त्याने मोठ्याने वाचायचं, अडेल तिथे मी किंवा बँकवाला तरुण. मग अब्बा ते पान हातांनी करून दाखवतात. अब्बा आता त्यातले निम्मे इंग्रजी शब्द ऐकून ओळखतात, आणि मॅन्युअल कुठे चुकलंय तेही सांगतात. बाकी आपाच्या घरचा पावसाळ्यातला खर्च आम्ही भावंडं मिळून उचलतो. हे लिहिणं भाग आहे, नाहीतर वाटेल की नुसत्या मॅन्युअलने पोर शाळेत राहिलं. शाळेत राहण्यासाठी पैसे लागतात.

माझ्या बायकोने हा मजकूर वाचला आणि विचारलं, यात चहा कुठे आहे? खरं आहे. तीन वर्षं आमची शेड 'कुटुंबासोबतचा रविवार' म्हणून मिरवत होती, आणि कुटुंबातल्या बायका फक्त ट्रे घेऊन दारापर्यंत येत होत्या. आमचा छंद त्यांच्या रविवारवर चालला होता. एकदा ती ट्रे ठेवून परत गेलीच नाही, "जॅक कुठे लावायचा ते दाखवा" म्हणाली. आता ती स्टेपनी माझ्यापेक्षा लवकर बदलते. चहा आम्ही पाळीने करतो, एसटीवाल्या काकांचा सगळ्यात वाईट होतो. माझी मुलगी मॉडेलं रंगवते. एका चुलत मामींनी मुलीचे ऑइलचे हात बघून तोंड वाकडं केलं होतं. अम्मीने त्यांना ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.

भाच्याला सहामाहीत गणितात पन्नासपैकी एकवीस मिळाले. पास झाला, एवढंच. इंग्रजीत सुधारणा आहे, इतिहासात नाही. शाळा त्याला आवडत नाही आणि ते तो लपवतही नाही. जीपचे मागचे ब्रेक अजून व्हायचेत, पाइप कापून आणल्या आहेत. १ जूनला मासेमारी बंद होईल, मेहुणे दोन महिने घरी बसतील, आणि आपा पुन्हा विचारणार आहे.